गोयी गरम पडली

‘मावशी, कसली ॲलर्जी हाये काय?’ ‘नाई बाई.’ अमरावती-अकोल्याकडे हे उत्तर पटकन येतं. तेच, गोळी कधी मानवली नाही का, हे त्यांच्या बोलीत विचारा: ‘कोनती गोयी कधी गरम पडली काय?’ ‘हो ना, मांगं एक घेतली त पुऱ्या आंगावर पित्त उठलं होतं.’

घात करतो तो ‘पित्त’ हा शब्द. आंबट ढेकर म्हणजेही पित्त, अंगावरच्या गांधी म्हणजेही पित्त. केसपेपरवर नुसतं ‘पित्ताचा त्रास’ उतरलं की पुढचा डॉक्टर ॲसिडिटी समजतो. त्यापेक्षा ‘गांधी’ नेमका. गांधीलमाशीच्या नावातही तो ऐकू येतो. ॲलर्जीसाठीचा पुस्तकी मराठीतला ‘अधिहर्षता’ हा शब्द वाचून माणसाला आनंद आठवतो. हृष् धातूतलं अंगावर काटा उभा राहणं कोणाला सुचत नाही.

‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. घटसर्पाच्या मुलांना तेव्हा घोड्याच्या रक्तातलं सीरम टोचत. काही मुलांना त्याने ताप येई, गांधी उठत. दुसऱ्या खेपेला हे सारं लवकर उसळे. ग्रीक ‘ॲलॉस’ म्हणजे वेगळं, ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. परक्या पदार्थाशी एकदा ओळख झालेलं शरीर वेगळं वागतं, एवढंच पिर्केंना सांगायचं होतं.

कपाशीच्या वावरात साप चावलेल्या माणसाला आजही घोड्याच्याच रक्तातून काढलेलं औषध देतात. पूर्वी आधी कातडीत थेंबभर टोचून बघत. रिॲक्शन कोणाला येणार हे त्यातून कळत नाही, म्हणून ती पद्धत सोडली. आता रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवतात.

नव्या औषधाच्या चाचणीत तर अंधार अधिक. माणसाचं वावडं जनावरांवरच्या प्रयोगांत फारसं दिसत नाही. दहा हजारांत एकाला येणारी रिॲक्शन काहीशे स्वयंसेवकांत बहुधा दिसतच नाही. एचआयव्हीवरच्या अबाकाव्हिरसारख्या थोड्या औषधांसाठी रक्तातली जनुकखूण आधी तपासता येते. बाकी ठिकाणी माणसाने सांगितलेला पूर्वीचा त्रास हाच मोठा आधार, आणि तोच चुकीच्या शब्दापायी हातून निसटतो. माझ्या मते संमतिपत्राआधीच्या प्रश्नावलीत ‘अधिहर्षता’ नकोच. विचारावं ते असं: गोळी-इंजेक्शन कधी गरम पडलं का? गांधी उठल्या, ओठ सुजले, दम कोंडला का? घेतल्यावर किती वेळाने? आणि ती गोळी कशासाठी दिली होती?