आंबेहळद

आजीच्या गोष्टींत इंग्रज फारसे यायचेच नाहीत. यायचा तो तवा, जोंधळ्याचं पीठ, अपरात्री हळूच वाजलेली कडी आणि दाराआडून तिनं विचारलेला एकच प्रश्न, "किती जण हायती?" 1943 साली ती नवी सून होती. आमचं गाव कृष्णाकाठचं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं. आता तो भाग सांगली जिल्ह्यात येतो. कुंडल पायी गाठता येईल एवढं जवळ. कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना तिथं सरळ शिरता येत नसे आणि भूमिगतांना थोडी उसंत मिळे. आजोबांना आम्ही आप्पा म्हणायचो. बंदूक त्यांनी कधी हातात घेतली नाही. निरोप पोचवायचा, आलेल्या माणसांना उभ्या पिकात नाहीतर माळवदावर दडवायचं, पहाटेच्या आत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोडून यायचं, एवढं त्यांचं काम होतं. आणि एका रात्रीचं आणखी एक.

ती रात्र सांगण्याआधी काळ कसा होता ते सांगायला हवं. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि सातारा जिल्ह्यात गावोगावची माणसं तिरंगा घेऊन मामलेदार कचेऱ्यांवर चालून गेली. तासगावचा मोर्चा धड पार पडला. 9 सप्टेंबरला वडूजमध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला. रिकाम्या हातानं चालत गेलेल्यांची प्रेतं गावात आली, तेव्हा पुढचा मार्ग बदलला. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर या माणसांनी प्रतिसरकार उभं केलं आणि सहाशेच्या आसपास गावांत ते 1946 पर्यंत चाललं.

या सरकारचं मला सर्वांत मोठं वाटतं ते काम म्हणजे न्यायदान मंडळं. तालुक्याच्या कोर्टात बांधाचा तंटा वर्षानुवर्षं चालायचा, वकिलाच्या फीत म्हैस जायची. सावकारानं कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा कोर्टात खराच ठरायचा. इथं गावातली पाच माणसं रात्री देवळात बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि निकाल देत. सावकाराकडून दस्त परत मिळाले, टाकलेल्या बायका नांदायला गेल्या, कर्ज काढून होणाऱ्या लग्नांच्या जागी थोडक्या खर्चाचे गांधी विवाह लागले. दरोडेखोरांचा बंदोबस्तही याच मंडळींनी केला. आजी म्हणायची, "त्या दोन सालांत दाराला कडी नुसती वाऱ्यासाठी लावायचो."

पण या न्यायाला तुरुंग नव्हता. जो लपून राहतो तो दुसऱ्याला कोंडून कुठं ठेवणार? म्हणून शिक्षा उरली ती मारायची. गुन्हेगाराला पालथा पाडायचं, पाय वर धरायचे आणि तळव्यांवर काठ्या मारायच्या. लोक त्याला पत्री म्हणत, आणि सरकारलाही तेच नाव पडलं. अट्टल दरोडेखोराला पत्री लागली तेव्हा गावाला आनंद झाला होता. आप्पा हे सांगताना आवाज चढवून सांगायचे.

त्या दुसऱ्या रात्रीचं सांगताना त्यांचा आवाज चढत नसे.

आमच्या शिवारात दडलेले दोन कार्यकर्ते पहाटे पकडले गेले. पोलीस थेट त्याच वावरात आले, म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं. संशय गावातल्या एकावर गेला. थोडी कोरडवाहू जमीन, मागं भावकी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा तो माणूस. त्याचं नाव मी लिहिणार नाही. मंडळ बसलं. त्याला विचारलं, "तू सांगितलंस का?" तो म्हणाला, "व्हय." बाकी काही बोलला नाही. ठरलं. पाय धरायला आप्पांना सांगितलं, कारण ते त्याचे शेजारी होते आणि शेजाऱ्यानं धरले तर गावाला कळतं की इथं गणगोत बघितलं जात नाही. आप्पांनी धरले. "मारणाऱ्याचं तोंड फिरलेलं असतंय," ते म्हणायचे, "धरणाऱ्याला समदं हाताला कळतंय."

पकडलेल्यांपैकी एकाला पोलिसांनी इतकं मारलं होतं की तो पुढं कधी नांगर धरू शकला नाही. हे मी मुद्दाम इथंच लिहिते. मार खाणारा एकच होता आणि मारणारे सगळे एका बाजूला होते, अशी ती गोष्ट नाही.

आजीनं दुसऱ्या दिवशी काय केलं, ते मला तिच्याकडून कळलं, आप्पांकडून कधीच नाही. भाकऱ्या थापून झाल्या, डबे रवाना झाले. मग तिनं सहाणेवर आंबेहळद उगाळली, तुरटी घालून लेप कोमट केला आणि परसातून त्या घरी गेली. त्याची बायको दार उघडेना. आजी उंबऱ्यापाशी बसून राहिली. शेवटी दार उघडलं. आजीनं स्वतःच्या हातानं त्याच्या तळव्यांना लेप लावला, आणि सूज उतरेपर्यंत रोज लावला. नवी सून, रात्री ज्यांना जेवू घालते त्यांनी ज्याला शिक्षा दिली, त्याच्या पायाशी दिवसा जाऊन बसते. सासूला कळलं असतं तर घराबाहेर काढलं असतं, इतरांना कळलं असतं तर घरावरच संशय आला असता. आप्पांना मात्र कळलं होतं. जेवताना तिच्या हाताला आंबेहळदीचा वास येत होता. ते काही बोलले नाहीत.

आणि तिथं बसलेली असताना आजीला ते कळलं, जे मंडळानं विचारलंच नव्हतं. त्याचा थोरला पोरगा आदल्या सकाळपासून चौकीत बसवलेला होता. फौजदारानं बापाला बोलावून घेतलं आणि पोराला त्याच्यासमोर उभं केलं. सांग, नाहीतर हा इथून परत येणार नाही. त्यानं सांगितलं.

यावर आमच्या घरात आयुष्यभर दोन मतं राहिली. आप्पांचं म्हणणं, की पोरं सगळ्यांनाच होती. ज्यानं नांगर सोडला त्यालाही पोरं होती, आणि पोलीस उद्या गावातल्या प्रत्येकाचा पोरगा असाच उभा करणार होते. धाक नसता तर आठवड्यात सगळे पकडले गेले असते. आजीचं म्हणणं एवढंच, "इचारायला काय झालं हुतं?"

मी दोघांनाही वर्षानुवर्षं ऐकलं आहे आणि माझं मत सांगायचं टाळणार नाही. खबर फुटणं थांबवायलाच हवं होतं, यात आप्पा बरोबर होते. त्या परिस्थितीत मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण जे न्यायासन इंग्रजांच्या कोर्टाहून चांगलं म्हणून उभं राहिलं, त्यानं "का?" हे विचारायलाच हवं होतं. विचारून पुन्हा तीच शिक्षा दिली असती, तरी चाललं असतं. ज्याच्या मागं भावकी होती त्याला ते विचारलं गेलं असतं, असं मला वाटतं, आणि याच गोष्टीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

सगळ्या चळवळीचं आयुष्यच तेव्हा अशा प्रश्नांतून चाललं होतं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली. 14 एप्रिल 1944 ला खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना ताब्यात घेतला, साडेपाच लाख रुपये. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी एका चौकीसमोर नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईचं सोंग घेतलं, पोलीस तिला सोडवायला धावले आणि साथीदारांनी आतली हत्यारं उचलली. मे 1944 मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे पुढं यायला सांगितलं. काही गेले, साताऱ्यातले बहुतेक राहिले. आप्पा सांगायचे, ज्यांच्या नावानं लग्नं लावत होतो त्यांचंच ऐकलं नाही, त्या दिवसांत एकेकाला जेवण गेलं नाही. हे करणारी माणसं आपण केलं ते पवित्र म्हणत नव्हती. गरजेचं म्हणत होती, आणि त्या गरजेचं ओझं स्वतः वाहत होती. आज भाषणांत ती लूट नुसता पराक्रम म्हणून येते आणि मार नुसता इन्साफ म्हणून. ते ओझं कुणी उचलत नाही, याचा मला त्रास होतो.

1972 साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली आणि केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. भूमिगत राहिलेल्यांकडे कागद कुठून असणार? लपून राहण्याचा अर्थच कागद न ठेवणं. मग ज्यांची नोंद होती अशांनी दुसऱ्यांना दाखले द्यायचे. आप्पांच्या शब्दाला वजन होतं. त्याच साली दुष्काळ पडलेला, विहिरींनी तळ गाठलेला, माणसं खडी फोडायला जायची. आणि एके दिवशी मार खाल्लेल्या त्या माणसाची बायको आमच्या सोप्यात येऊन बसली. नवरा वारला होता. तिला दाखला हवा होता, की तिचा नवरा चळवळीत होता.

आप्पा नाही म्हणाले. ती उठून गेली. आणि आजी, जिनं त्यांना कधी चारचौघांत उलट विचारलं नव्हतं, सोप्यात आली.

"तवा पोलिसांला रोज खोटं सांगत हुता."

"ते राज्य परकं हुतं. ह्ये आपलं हाय. आपल्याच घरात खोटं लिहायचं?"

"मग ती कुणाची हाय?"

आप्पांनी दाखला दिला नाही, पुढंही नाही. पण घरच्या कणगीतून त्या घरी धान्य जाऊ लागलं. आजी मापून द्यायची, आप्पा बघायचे, आणि त्यावर दोघांत एक शब्द होत नसे. मला आप्पांचा नकार पटतो. आजीचा प्रश्नही पटतो. दोन्ही एकाच वेळी पटतात म्हणून मी कुठल्याही एकाला खोटं पाडायला तयार नाही.

स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं. आप्पांबद्दल लिहायला मला सांगितलं. मंडळींनी आपुलकीनं सुचवलं, की ती रात्र वगळा, त्या घरातली माणसं गावातच राहतात, त्यांना उगाच दुखवायला नको. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून मी त्या घरी गेले. मार खाल्लेल्याचा नातू माझ्याच वयाचा, द्राक्षाची बाग आहे त्याची. मी सगळं सांगितलं, आणि तू नको म्हणालास तर लिहिणार नाही, असंही सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव घालू नका, ताई. बाकी लिवा. पण चौकीत बसवलेला तो पोरगा माझा बाप. पोलिसांनी त्याला का धरलं हुतं, आन् आज्यानं का सांगितलं, ह्ये त्या कागदात येनार हाय का? येनार असंल तरच लिवा."