जुन्या डिस्कचा वेग : पाच ओळींवरील भाष्य

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यासारख्या गावात लग्नपत्रिका जुळवून देणाऱ्या डीटीपीच्या दुकानाच्या फडताळात एखादी जुनी आयडीई डिस्क निघणे नवलाचे नाही. श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या पत्रिका अशा डिस्कवरून नव्या संगणकात आणायला किती वेळ लागेल, याचा हिशेब पुढच्या पाच ओळींत आहे. डिस्क ४० गिगाबाइटची, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची धरली आहे.

ओळ १. सोळा तारा, दर ६० नॅनोसेकंदाला एक खेप : ३३.३ मेगाबाइट.

हा एटीए-३३, म्हणजे आयडीई जोडणीचीच एक पिढी. एका खेपेत १६ बिट, म्हणजे २ बाइट जातात. ६० नॅनोसेकंदांत २, तर सेकंदात ३ कोटी ३३ लाख. पुढच्या पिढ्यांनी रुंदी तीच ठेवून खेपेचा वेळ कमी केला : ३० नॅनोसेकंदाला ६६, २० ला १००, १५ ला १३३. नावातला आकडा हाच मेगाबाइटचा दर, त्यामुळे इथे भागाकार करावा लागत नाही. मात्र ३३ च्या पुढे केबल वेगळी लागते. पिना ४०च, पण तारा ८०. जादा ४० तारा ग्राउंडच्या, शेजारच्या तारांचा उपद्रव थोपवणाऱ्या. तिचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, करडे स्लेव्हला. जुनी ४० तारांची पट्टी जोडली, तर १३३ ची डिस्कही ३३ वर उतरते.

ओळ २. १.५ गिगाबिट : १५० मेगाबाइट.

ही आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीची पहिली पिढी, २००३ ची. शंका : बाइटचे बिट आठ, मग १५०० भागिले ८ म्हणजे १८७.५ का नाही? समाधान : साटात घड्याळाची वेगळी तार नसते. शून्य-एकची अदलाबदल सतत होत राहिली, तरच पलीकडच्या टोकाला ताल सापडतो. म्हणून दर ८ बिट १० बिटांच्या सांकेतिक रूपात पाठवतात. केळीचा घड दांड्यासकट तोलला, तर दांडा वजा करूनच हिशेब मांडावा लागतो, तसे हे दोन बिट. भागाकार १० ने करायचा. ३ गिगाबिटचे ३०० आणि ६ चे ६०० मेगाबाइट होतात, ते याच नियमाने.

ओळ ३. ४८० मेगाबिट : ६० मेगाबाइट, हाती ३० ते ३५.

आयडीई डिस्क नव्या संगणकाला जोडायचा रोजचा मार्ग म्हणजे यूएसबीचा कन्व्हर्टर, म्हणून ही ओळ इथे आहे. यूएसबी २.० मध्ये आठाचे दहा होत नाहीत. सलग सहा एक आले की एक शून्य घुसवतात, एवढेच. त्यामुळे भागाकार ८ ने, उत्तर ६०. पण वाहतूक १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत चालते आणि एका तुकड्यात ५१२ बाइटची फार तर १३ पाकिटे बसतात. सेकंदाला असे ८००० तुकडे, म्हणजे कमाल ५३ मेगाबाइट. शिवाय जुन्या पद्धतीत आधी आज्ञा, मग माहिती, मग पोच, आणि ते उरकल्यावरच पुढची आज्ञा. या थांब्यांत उरलेला वेग जातो. यूएसबी १.१ चे १२ मेगाबिट, म्हणजे १.५ मेगाबाइट; प्रत्यक्षात १ धरले, तर सगळी डिस्क उतरायला ११ तास.

ओळ ४. ४० गिगाबाइट : पडद्यावर ३७.२५.

काही चोरीला गेलेले नाही. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. ४० अब्ज बाइटला १०२४ ने तीनदा भागले की ३७.२५ उरतात. सीडीचा एकपट वेग १५० किलोबाइट, तो मात्र १०२४ चा : १,५३,६०० बाइट. फ्लॉपीच्या १.४४ मध्ये तर दोन्ही मापे मिसळली आहेत : १४४० गुणिले १०२४. म्हणून वेळेचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू आधी निव्वळ बाइटमध्ये आणाव्यात.

ओळ ५. वाटेतला सर्वांत लहान आकडा, तोच वेग.

जोडणी १३३ ची. तबकडी बाहेरच्या कडेला ५० च्या आसपास, आतल्या कडेला त्याच्या निम्मी. कन्व्हर्टर ३० चा. तेव्हा बहुतेक वाट ३० ने कापली जाते, शेवटी डिस्कच मागे पडते. ४० गिगाबाइटला साधारण २५ मिनिटे लागतात. पण हा हिशेब डिस्क ओळीने वाचली तरचा. ५० किलोबाइटच्या सुट्या फायली असतील, तर प्रत्येकीसाठी वाचणारे डोके हलवावे लागते. त्याला ९ मिलिसेकंद आणि अर्ध्या फेरीला ४, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ फायली, पावणेचार मेगाबाइट. पूर्ण भरलेल्या डिस्कला तीन तास. अशा वेळी कन्व्हर्टर महागडा घेऊन उपयोग नाही. आधी सगळ्या डिस्कची इमेज ओळीने उतरवून घ्यावी आणि पत्रिका त्या इमेजमधून निवडाव्यात. म्हाताऱ्या डिस्कच्या डोक्याची धावपळही त्यात वाचते.