पान न उघडता

लिंकला बोट लावल्यापासून पान दिसेपर्यंत क्षणभर जातो. तेवढ्यात त्या पत्त्याबद्दल कुणीतरी मत बनवून मोकळं झालेलं असतं: बातमी की जाहिरात, बँक की बँकेचं सोंग. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आणि अशी मतं बनवणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यांचं गणित सोपं आहे. इतिहास मात्र रंजक आहे, आणि त्याचं एक टोक थेट मराठीपर्यंत येतं.

सुरुवातीला हे काम माणसं करायची. १९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी वेबसाइटींची यादी करायला घेतली. तिचंच पुढे याहू झालं. साइट उघडायची, वाचायची, योग्य कप्प्यात टाकायची. थोडक्यात, ग्रंथपालाचं काम. १९९८ मध्ये सुरू झालेल्या डीमॉझ या खुल्या सूचीत हेच काम हजारो स्वयंसेवक फुकट करत. पण वेब ज्या वेगाने वाढलं, त्या वेगाने वाचणं माणसांना शक्य नव्हतं. याहूची सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये.

दरम्यान काही संशोधकांना प्रश्न पडला होता: पान उघडायलाच हवं का? सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या मिन-येन कान यांनी २००४ मध्ये एक छोटा निबंध मांडला. 'वेबपानाविना वेबपानाचं वर्गीकरण' अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. कल्पना साधी होती. पत्ता माणूस ठरवतो, आणि माणूस सहसा निरर्थक नाव ठेवत नाही. पत्त्यात 'क्रिकेट' आणि 'स्कोअर' दिसले, तर आत काय आहे हे सांगायला आत जावं लागत नाही. शब्द एकमेकांना चिकटून आले, तर पत्त्याचे चार-पाच अक्षरांचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कुठल्या विषयात जास्त सापडतो ते मोजायचं.

हीच युक्ती लवकरच चोर पकडायला वापरली गेली. तोवर फसव्या साइटींविरुद्धचं मुख्य हत्यार म्हणजे काळी यादी. तिच्यात एक क्रूर अट दडलेली असते: पत्ता यादीत यायचा, तर आधी तो कुणाच्या तरी नजरेत यावा लागतो, आणि बऱ्याचदा तोवर कुणीतरी फसलेलं असतं. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जस्टिन मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पत्त्यातले शब्द, त्याची लांबी, डोमेनची नोंदणी कधी झाली, एवढ्यावरूनही संशय घेता येतो. त्यांचं मॉडेल प्रत्येक नव्या पत्त्याबरोबर स्वतःला थोडं दुरुस्त करत राही. जुना साठा पुन्हा पुन्हा तपासायची गरज नव्हती.

त्याच वर्षी किलियन वाइनबर्गर, पुढे आयआयटी गांधीनगरमध्ये शिकवू लागलेले अनिर्बन दासगुप्ता आणि इतरांनी हॅशिंगच्या एका युक्तीमागचं गणित मांडलं. लाखो तुकड्यांचा शब्दकोश सांभाळण्याऐवजी ठरावीक संख्येचे खण ठेवायचे आणि प्रत्येक तुकडा सूत्राने एका खणात टाकायचा. कधी दोन वेगळे तुकडे एकाच खणात पडतात. तेवढी गफलत चालवून घ्यायची. बदल्यात मॉडेल इतकं लहान करता येतं, की ते फोनमध्येही मावतं. पुढचं काम बेरजेचं: प्रत्येक खणाला एक वजन, वजनांची बेरीज, आणि बेरीज ठरावीक आकड्यापलीकडे गेली की लाल पाटी.

ही घाई का? मार्च २०२४ मध्ये गुगलने सांगितलं, की घातक साइटचं सरासरी आयुष्य दहा मिनिटांपेक्षाही कमी असतं. तोवर क्रोममधली यादी ताजी व्हायची दर ३० ते ६० मिनिटांनी. म्हणजे यादी पोचेपर्यंत चोर दुकान गुंडाळून गेलेला.

आता मराठीकडे येऊ. इंटरनेटची पत्तेव्यवस्था मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच ओळखते. २००३ मध्ये त्यावर प्युनीकोड नावाची पळवाट निघाली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत आलं तेव्हा मराठीत डोमेन घेता येऊ लागलं. पण आपण देवनागरीत टाइप केलेलं नाव तारेवरून जाताना 'एक्स एन', दोन जोडरेघा आणि पुढे अक्षरांचा चिवडा असं होऊन जातं. तुकडे मोजणाऱ्या मॉडेलला त्यात एकही शब्द सापडत नाही.

त्यात भर म्हणजे, २००२ मध्येच येव्गेनी गॅब्रिलोविच आणि अॅलेक्स गॉन्टमाखर यांनी दिसायला सारखी रशियन अक्षरं घालून मायक्रोसॉफ्टच्या नावाचा तोतया पत्ता करून दाखवला होता. तेव्हापासून भीती रास्त आहे. पण फसवे पत्ते ओळखणाऱ्या अनेक मॉडेलांत 'एक्स एन' दिसणं हीच संशयाची एक खूण धरली जाते. तोतया मायक्रोसॉफ्ट आणि गावातल्या वाचनालयाचा प्रामाणिक मराठी पत्ता, दोघांच्या कपाळी तोच शिक्का!

बँकांना रिझर्व्ह बँकेने यावर वेगळं दार दिलं. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायचं, आणि ते डोमेन फक्त बँकांना मिळणार. वाचनालयाला असं दार कोण देणार? त्याचा निवाडा मॉडेलच करणार, तोही काही मिलिसेकंदांत आणि अपिलाविना.

उपाय अवघड नाहीत. तुकडे करण्याआधी प्युनीकोड उलगडून मूळ देवनागरी मिळवायची. एकाच नावात दोन लिप्यांची भेसळ आहे का हे तपासायचं, कारण भेसळीचा संशय योग्य आहे, देवनागरीचा नाही. अस्सल मराठी पत्ते शिकवणीच्या नमुन्यांत घालायचे, आणि चुकीच्या लाल पाट्या भाषेनुसार वेगळ्या मोजायच्या. शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. इंग्रजी पत्त्यांच्या ढिगात मराठी पत्ते मूठभर असतात. ते सगळेच्या सगळे चुकीचे ठरले, तरी एकूण अचूकतेच्या आकड्यावर ओरखडाही उमटत नाही.