चौघांच्या डावातला शब्द

पत्ते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बावन्न पानांचा एकच कॅट येतो. तो पिसायचा आणि सगळ्यांना वाटायचा. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली हा रिवाजच मोडला. त्याच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येक भिडू आपला कॅट घरून बांधून आणतो. पत्ते पाकिटांतून विकत घ्यायचे, मित्रांशी अदलाबदल करायचे, त्यांतून हवे ते निवडायचे आणि समोरच्याचे वीस गुण आपल्याआधी संपवायचे. राक्षस, जादूगार, मंत्र अशी सगळी सेना या पत्त्यांवर. डाव मुख्यतः दोघांचा, त्यामुळे वरचढ कोण याचा हिशेब सरळ.

तोच खेळ चौघे मिळून खेळू लागले आणि हिशेब पार बदलला. कसा ते पाहा. एकाने भयंकर राक्षस उतरवला आहे आणि त्याला मारणारा पत्ता माझ्या हातात आहे. दोघांच्या डावात माझा एक गेला, त्याचा एक गेला, फिटंफाट. चौघांच्या डावात मात्र खर्च आमच्या दोघांचा आणि बाकीचे दोघे फुकटात सुखी. म्हणून प्रत्येक जण ‘दुसरा कोणी मारील’ म्हणून थांबतो, आणि सगळेच थांबले की राक्षसवाला जिंकतो. दुसरी गंमत अशी की, जो बलाढ्य दिसतो त्याच्यावर तिघे मिळून तुटून पडतात. तेव्हा शहाणा भिडू आपले बळ झाकून, जरा केविलवाणा चेहरा करून बसतो. आपल्या बारभाईंना हे कोणी शिकवायला नको होते.

गारफिल्डला हे ठाऊक होते. १९९४ साली त्याने मुद्दाम अनेकांसाठी रक्तपिपासू पिशाच्चांचा एक पत्त्यांचा खेळ रचला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलून ‘व्हँपायर : द इटर्नल स्ट्रगल’ झाले. त्यात डावीकडचा तुमची शिकार आणि उजवीकडचा तुमचा शिकारी. म्हणजे माझ्या शिकाऱ्याच्या मागे जो लागला आहे, तो आपोआप माझा मित्र! बसण्याच्या जागेतूनच राजकारण उभे करणारी ही युक्ती मला फार देखणी वाटते. पण लोकप्रिय झाली ती दुसरीच रीत.

ती गारफिल्डची नव्हे, खेळणाऱ्यांचीच. नव्वदीच्या दशकात अलास्कातल्या एका मित्रमंडळाने ‘मॅजिक’मध्ये घरगुती नियम केले. कॅट शंभर पत्त्यांचा, जमिनीचे साधे पत्ते सोडले तर प्रत्येक पत्ता एकदाच, आणि सेनापती म्हणून १९९४ च्या संचातल्या पाच वृद्ध ड्रॅगनांपैकी एक. शेल्डन मेनेरी या पंचाने ही रीत इतर पंचांमध्ये नेली. दिवसभर स्पर्धांतले तंटे सोडवून थकलेली ही माणसे रात्री विरंगुळा म्हणून ती खेळत. त्यांच्याबरोबर ती देशोदेशी गेली. २०११ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या मूळ कंपनीने ‘कमांडर’ नावाने तयार कॅट बाजारात आणले, पण नियम मेनेरी आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांच्या बिनपगारी समितीकडेच राहिले.

या खेळाचा जीव बोलण्यात आहे. ‘या फेरीत मला सोड, मी त्याचा राक्षस मारतो,’ असे सौदे सर्रास होतात. पण शब्द पाळायला लावणारा नियम नाही. मोडला तर दंड नाही. मात्र पुढच्या शुक्रवारी तेच चौघे पुन्हा बसणार असतात आणि मोडलेला शब्द कोणी विसरत नाही. खरी भांडणे होतात ती हरत आलेल्या भिडूवरून. त्याला जिंकता येत नाही, पण जाता जाता कोणाला जिंकवायचे ते त्याच्या हाती असते. हे राजकारण कंपनीने पत्त्यांतही आणले. २०१४ साली मतदान करायला लावणारे पत्ते आले, तर २०१६ साली राजपद. राजाला दर फेरीला एक पत्ता जास्त मिळतो, पण ज्याचा सैनिक त्याला लढाईत जखमी करील, तो नवा राजा. सगळ्यांची नजर आपोआप मुकुटावर.

किती जोरदार कॅट आणायचा, हाही असाच आपापसातल्या समजुतीचा भाग होता. मेनेरी २०२३ साली वारला. पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर २०२४ ला, समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. फार लवकर जोर देणारे पत्ते डाव एकतर्फी करतात, हे त्यामागचे मुख्य कारण, आणि ते मला पटते. पण त्यांतल्या ‘मॅना क्रिप्ट’सारख्या पत्त्याला बाजारात शंभर डॉलरहून अधिक भाव होता आणि तो एका दिवसात कोसळला. पैसे बुडालेल्यांपैकी काहींनी समितीच्या सदस्यांना धमक्या दिल्या. फावल्या वेळात, हौसेने हे काम करणारी ती माणसे. ३० सप्टेंबरला या खेळाचा कारभार कंपनीकडे गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तिने कॅटच्या जोराच्या पाच पायऱ्या प्रायोगिक म्हणून जाहीर केल्या. आपला कॅट कोणत्या पायरीवरचा, हे भिडूंनी डाव मांडण्याआधी एकमेकांना सांगायचे असते.