आठवडा वर्गात, आठवडा कारखान्यात

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी सहा महिने इंटर्नशिप केली. पगार शून्य, काम एक्सेल भरायचं. म्हणून अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाबद्दल वाचताना जळलोच. १९०६ साली तिथल्या हर्मन श्नायडर यांनी इंजिनिअरिंगचे २७ विद्यार्थी निवडले. जोडीतला एक कारखान्यात, दुसरा वर्गात, मग अदलाबदल. मालकाचं काम अडायचं नाही, आणि पोरांना चक्क मजुरी मिळायची! १९१९ मध्ये ही पद्धत कॉमर्सलाही लागू झाली. ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमाला ‘सँडविच’ म्हणतात: बिझनेस इकॉनॉमिक्सची पदवी चार वर्षांची, त्यातलं एक वर्ष कंपनीत. श्रम, भाव, मोबदला हे पुस्तकातले शब्द तिथे पगाराच्या स्लिपवर भेटतात. मी मात्र रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘खूप शिकायला मिळालं.’