जंगलपट्ट्यातून अभियांत्रिकीकडे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलासाठी अभियांत्रिकीची वाट बराच काळ नागपूरवरूनच जात असे. तिथले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आजचे व्हीएनआयटी) 1960 चे. सत्तरच्या दशकात दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, तेव्हा राज्यातले प्रवेश बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणित या विषयांच्या गुणांवर ठरत. ही पद्धत आडगावच्या विद्यार्थ्याला तशी सोयीची होती: गणिताचा एक चांगला शिक्षक लाभला की निम्मे काम होई. अडचण अशी, की विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालयच तालुक्याच्या गावी. त्यामुळे वसतिगृहात जागा मिळणे हीच पहिली परीक्षा.

बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळसा खाणी आणि ऐंशीच्या दशकातले औष्णिक वीज केंद्र यांनी चंद्रपुरात अभियंत्यांच्या वसाहती वसवल्या. 1996 मध्ये तिथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. 1982 साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात असा उद्योग नव्हता आणि रेल्वे फक्त देसाईगंजपर्यंत. दहावीनंतर पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाट तिथे म्हणूनच महत्त्वाची ठरली.

पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली आणि तयारीचे स्वरूप पालटले. वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एकच पट्टी लागली हे खरे, पण वेळ लावून प्रश्न सोडवण्याचा सराव शाळेत नव्हे, शिकवणी वर्गात होई, आणि नावाजलेले वर्ग नागपुरात. नियमही टिकेनात. 2014 आणि 2015 मध्ये देशपातळीवरची जेईई मेन परीक्षा ग्राह्य धरली गेली, 2016 पासून पुन्हा सीईटी, 2019 पासून ती संगणकावर. गणिताचे प्रश्न इंग्रजीतच. घरी माडिया बोली, शाळेत मराठी आणि पेपरात इंग्रजी अशी गडचिरोलीतल्या भामरागडच्या मुलाची कसरत.

निकालानंतरची कागदपत्रे हा तयारीचाच भाग. माधुरी पाटील प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या निकालाने जात पडताळणीची चौकट घालून दिली. राज्याचा कायदा 2001 चा. त्यामुळे राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राकरिता आजोबा-पणजोबांचे जुने दाखले शोधणे आले, आणि हे काम अकरावीतच हाती घ्यावे लागते. प्रवेश फेऱ्या पावसाळ्यात चालतात. नेमका तेव्हाच पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद पडतो. फेरीची मुदत मात्र साऱ्या राज्याला एकच असते.