'सावकारी पाश' ते 'गाभ्रीचा पाऊस'

आवडत्या चित्रपटांची यादी करू लागलो, की आम्हां यवतमाळकरांची लेखणी दोन नावांपाशी थबकते.

पहिले नाव बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाचे. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकरी रंगवला. सावकाराच्या बनावट दस्तऐवजापायी त्याची जमीन जाते आणि तो शहराची वाट धरतो. पेंटरांनीच १९३६ मध्ये त्याचा बोलपट काढला. मूळ मूकपट मात्र आज उपलब्ध नाही. न पाहिलेल्या कलाकृतीवर प्रेम करण्याचा वेडेपणा आम्ही जाणूनबुजून करतो.

दुसरे नाव सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाचे. शीर्षकातली शिवी आमच्या वऱ्हाडीतली. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते आणि नवऱ्यावर, किस्नावर, नजर ठेवायला लहानग्या दिनूला त्याच्यामागे धाडते. या पाळतीतून हसूही फुटते, आणि तेच अधिक बोचते.

पेंटरांच्या चित्रपटात पाश आवळणारा हात दिसतो. मनवरांच्या चित्रपटात बोट दाखवावे असा एकच खलनायक नाही. कर्ज आहे, बियाणे आहे, अवेळी येणारा पाऊस आहे. २००६ मध्ये केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळही होता.

आमच्या वर्गात कापूस पिकवणाऱ्या घरांतली मुले बसतात. म्हणून हा चित्रपट दाखवण्यापूर्वी आम्ही त्यांना आधी विचारतो. कुणाच्या तरी घरी दिनू असतोच.